ब्रॅकनबीची भावकी

"दोघंही?" मी विचारलं. "लग्नाच्या आधीपासून?"

"अगदी आधीपासून," मिससाहेब म्हणाल्या आणि करंजीचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला. "आई उत्तरेकडची ब्रॅकनबी, वडील दक्षिणेकडचे ब्रॅकनबी. लग्नात आईला आडनाव बदलावंच लागलं नाही. मोठेपणी मी दोन्ही घराणी शोधत मागे मागे गेले. कितीही मागे गेलं तरी रक्ताचा संबंध कुठे लागेना."

माझ्या हातात चहाची किटली होती. ती मी स्टुलावर ठेवली, नाहीतर मिससाहेबांच्या मांडीवरच ओतली असती.

"काय म्हणतायत?" समोरच्या आरामखुर्चीतून बाबांनी विचारलं. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, पण साहेबी तोंडातून आलेलं एक अक्षर कळायचं नाही. दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं.

"करंज्या खुसखुशीत झाल्यात म्हणतायत," मी ठोकून दिलं.

खोटं बोलायची मला हौस नव्हती. पण जे ऐकलं ते आधी मला एकटीला पचवायचं होतं. दोन वर्षांपूर्वी ह्याच ओट्यावर, ह्याच खुर्चीत बसून बाबांनी मला सांगितलं होतं, की एका आडनावात लग्न होत नसतं, अमोस ब्रॅकनबी नात्यानं तुझा भाऊ लागतो, आणि हा विषय पुन्हा काढलास तर मी विहीर जवळ करीन.

मी सुवार्ता ब्रॅकनबी. रंगानं सावळी, बोलणं नेवाशाकडचं आणि आडनाव विलायती. गावातल्या लोकांची जीभ वळायची नाही, ते आम्हाला बरकंबे म्हणायचे. बरकंबे मास्तर म्हणजे माझे बाबा, शांतवन ब्रॅकनबी, मिशनच्या शाळेचे रिटायर हेडमास्तर आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे वडीलधारे. आई मी शाळेत असतानाच गेली. मी नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होते आणि सुट्टीला घरी यायची.

ह्या आडनावाची गोष्ट आमच्याकडे शुभवर्तमानाच्या खालोखाल सांगितली जायची. मोठ्या दुष्काळात दोन सख्खे भाऊ आईबापांवाचून रस्त्यावर पडले होते. ब्रॅकनबी नावाच्या मिशनरी साहेबानं त्यांना उचललं, पोटच्या पोरांसारखं वाढवलं आणि स्वतःचं नाव दिलं. धाकटा तो माझा आजोबा, तो इथं राहिला. थोरल्याला जालन्याच्या मिशनमध्ये धाडलं, त्याची पोरंबाळं तिकडं वाढली. अख्ख्या महाराष्ट्रात ब्रॅकनबींची दोनच घरं, म्हणून ती भावकी. लग्नाला आमंत्रण, मयताला निरोप, सगळं दोन्हीकडून पाळलेलं.

जालन्याच्या घरातला अमोस आमच्याच दवाखान्यात एक्स-रे काढायला लागला. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी "ब्रॅकनबी!" म्हणून हाक मारली आणि आम्ही दोघंही धावत गेलो. तिथून हसण्याला सुरुवात झाली आणि हसता हसता पार लग्नापर्यंत गोष्ट आली. भावकी-बिवकी आम्हाला ठाऊक होती, पण दोन पिढ्यांमागचे आजे भाऊ होते ते कोण धरतंय, असं मला वाटायचं. बाबांनी धरलं. त्यांचा नकार मी सांगितला तेव्हा अमोस दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली उभा राहून रडला होता. "भावकी आहे सुवार्ते, आपल्या हातात काय," म्हणाला होता. मग तो नोकरी सोडून जालन्याला गेला. आता नाताळ झाल्यावरच्या शनिवारी त्याचं लग्न होतं, संगमनेरकडच्या एका पाळकाच्या मुलीशी. भावकीचं म्हणून रीतसर आमंत्रण आलं होतं. मी येणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं.

आणि त्याच आठवड्यात ह्या मिस ब्रॅकनबी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. तिकडं विलायतेत शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. जगभरच्या ब्रॅकनबींना शोधून काढायचा त्यांना छंद होता. बाबांशी वर्षभर पत्रव्यवहार चालला होता. बाबांनी कौतुकानं बोलावलं. घराला चुना दिला, गावभर सांगितलं, की आमच्या घराण्यातल्या बाई विलायतेहून येतायत. पाव्हणीसाठी कमोडची खुर्चीसुद्धा दवाखान्यातून मी बसच्या टपावर टाकून आणली होती.

"मिससाहेब," मी आता हळूच खुर्ची ओढून बसले, "मग हे नाव येतं कुठून?"

त्यांना तेच तर हवं होतं. ब्रॅकन म्हणजे डोंगरउतारावर माजणारा नेचा, त्यांनी सांगितलं, आणि मागचं 'बी' म्हणजे वाडी. फार पूर्वी समुद्रापलीकडून येऊन वसलेल्या लोकांच्या भाषेतला शब्द.

"म्हणजे आपण नेचेवाडीकर," मी म्हटलं.

मिससाहेब टाळी वाजवून हसल्या. "अगदी तसंच! आणि गंमत सांगते. त्या गावात आज एकही ब्रॅकनबी राहत नाही. पूर्वीही नसतील. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? तिथं सगळे तिथलेच. गाव सोडून दुसरीकडे गेलं, की तिथले लोक म्हणायचे, हा कोण, तर ब्रॅकनबीचा. आज एक जण गेला, पन्नास वर्षांनी दुसऱ्याच घरचा दुसरा गेला. नाव एकच. नातं काय? काही नाही."

मी बाबांकडे वळले. एवढं ऐकल्यावर गप्प कोण बसणार?

"बाबा, त्या म्हणतायत आडनाव एक असलं तरी नातं असतंच असं नाही. त्यांच्या आईवडिलांचं आडनाव एकच होतं. लग्न झालं त्यांचं."

"त्यांच्यात होत असेल," बाबा म्हणाले. "आपली गोष्ट वेगळी. आपले दोघं सख्खे भाऊ होते. तिला विचार, ब्रॅकनबी साहेबाचा फोटो आणलाय का. मी लिहिलं होतं पत्रात."

मी विचारलं. मिससाहेबांचा चेहरा जरा अवघडला.

"तेच मला समक्ष सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "असा मिशनरी कोणी नव्हताच. मी पुष्कळ चौकशी केली. ब्रॅकनबी गावात मात्र छोटं प्रार्थनामंदिर आहे. तिथले म्हातारे सांगतात, की हिंदुस्थानात दुष्काळ पडला तेव्हा गावानं इथल्या अनाथ मुलांसाठी वर्गणी धाडली. जी मुलं त्या वर्गणीवर वाढली, त्यांना इथल्या लोकांनी गावाचं नाव लावून टाकलं. आमची ब्रॅकनबी मुलं, म्हणून त्या गावात दर रविवारी प्रार्थना व्हायची. किती गोड ना?"

मी बाबांना सांगितलं. जपून सांगितलं, तरी ते बाबांना लागलं. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर नुसता फिरत राहिला.

"साहेब नव्हता?"

"नव्हता, बाबा."

"मग काय, आम्ही वर्गणीवरची पोरं?"

मला खरंच वाईट वाटलं त्यांचं. पासष्ट वर्षं एक माणूस एका साहेबाचा नातू म्हणून गावातून ताठ मानेनं चालला होता, आणि तो साहेबच नाहीसा झाला. मी म्हणणार होते, जाऊ द्या बाबा, त्यानं काय होतं. तेवढ्यात ते खुर्चीत सरळ झाले.

"तिला सांग," ते म्हणाले, "नाव वर्गणीतलं असेल. माणसं वर्गणीतली नव्हती. माझे वडील पाटलाच्या घरातले. बारा बैलांचं घर होतं. दुष्काळानं धुऊन नेलं म्हणून मिशनमध्ये आले. भिकाऱ्याचं पोर नव्हते ते. सांग!"

मी सांगितलं. मिससाहेबांनी आनंदानं मान डोलावली. "वा! आणि जालन्याचा दुसरा मुलगा? तोही त्याच घरातला ना, त्यांचा भाऊ?"

मी विचारलं आणि बाबा एकदम उसळले. "कुठला भाऊ? तो वेशीबाहेरचा! त्याचा बाप मेलेली ढोरं ओढायचा. एका बैलगाडीतून दोघं मिशनमध्ये आले नि एक नाव मिळालं, म्हणून काय आमच्या पंक्तीला बसला तो? माझ्या वडिलांनी मरताना बजावलं होतं मला, शांतवन, जगाला भाऊ म्हणून सांग, ख्रिस्ती आहोत आपण, पण त्या घरात पोरगी देऊ नको..."

आणि ते थांबले. माझ्याकडे बघितलं त्यांनी.

मिससाहेब उत्सुकतेनं एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होत्या.

"काय म्हणाले?"

मी इंग्रजीत सांगितलं, अगदी सावकाश, "ते म्हणतात, ते दोघं भाऊ नव्हते. हे त्यांना जन्मभर माहीत आहे."

"बघा!" मिससाहेब म्हणाल्या. "मी म्हटलं होतं ना, आडनावात रक्त नसतं!"

त्या आत जाऊन पडल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"म्हणजे अमोस माझा कोणी लागत नाही."

"हळू बोल."

"का? तिला मराठी कळत नाही, आणि गावाला काय सगळं कळतंच. तुम्ही मला खोटं सांगितलंत. विहिरीची धमकी दिलीत, तीही खोटी?"

"मग काय सांगायला पाहिजे होतं?" बाबा म्हणाले. आवाज चढवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण चढला नाही. "ख्रिस्ती माणसाला जात सांगून नाही म्हणता येतं का? दर रविवारी मी मंडळीपुढे उभा राहून सांगतो, प्रभूमध्ये सगळे एक. भावकी म्हटलं की कोणाला बोल लागत नाही. कोणी दुखावत नाही."

"कोणी दुखावत नाही? मग मी कोण?"

मी आत जाऊन चपात्यांचं पीठ मळायला घेतलं आणि ते इतकं तिंबलं, की पोळपाटावर लाटता लाटेना.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जालन्याला हळद होती. मिससाहेबांना तिकडच्या ब्रॅकनबींना भेटायचंच होतं आणि दुभाषी मीच होते. खरं म्हणाल तर त्या नसत्या तरी मी गेले असते. हळद लागली म्हणजे लग्न लागलं असं नव्हे, एवढं एकच माझ्या डोक्यात घोळत होतं. अमोसला काही माहीत नव्हतं, बिचारा देवाची इच्छा म्हणून गप्प बसला होता, आणि मी त्याला जाऊन सांगितलं की झालं. पाळकाच्या मुलीचं काय होईल, ह्याचा मी विचारसुद्धा केला नाही. सव्वीस वर्षांची होते मी.

बाबा फाटकापाशी उभे होते.

"हळदीच्या घरी जाऊन तमाशा करू नकोस," ते म्हणाले.

"करणार," मी म्हटलं. "चांगला ढोल बडवून करणार."

जालन्यात मिशनच्या आवाराला लागूनच त्यांचं घर होतं. दारात मांडव, मांडवात बायका, आणि मिससाहेबांना बघून एकच कालवा उठला. अमोसची आई राहेलकाकू पदर खोचून धावत आली. आधी मिससाहेबांचे दोन्ही हात धरले, मग मला छातीशी घट्ट कवटाळलं.

"येणार नाही म्हणाली होतीस ना गं? देवानंच धाडलं तुला! अमोसला सख्खी बहीण नाही. करवलीवाचून अडलं होतं बघ. आता भावकीतली तू असताना मी कोणाच्या तोंडाकडे बघू? चल, हात धू. उष्टी हळद घेऊन मुलीकडे तुलाच जायचंय."

नवरदेवाला लावून उरलेली हळद ती उष्टी. ती करवलीनं नवरीकडे न्यायची आणि तिला लावायची. करवली म्हणजे नवरदेवाची बहीण.

मांडवाच्या मधोमध पाटावर अमोस बसला होता. गालांना, हातांना हळद. मला बघितल्यावर त्यानं मान खाली घातली.

"काकू, मला आधी अमोसशी दोन शब्द बोलायचेत," मी म्हटलं.

काकूनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "अंग धुवायला मागे जाईलच तो. बोल. पण लवकर आटप, बाई."

घरामागे धुण्याचा दगड होता, त्याच्या बाजूला पाण्याचा हंडा तापत होता. अमोस आला आणि लांबच उभा राहिला. मी आडपडदा ठेवलाच नाही.

"अमोस, आपण भावकी नाही. आपल्या आज्यांचं काही नातंच नव्हतं."

त्यानं विचारलं, "कोणी सांगितलं?"

काय म्हणतेस, असं त्यानं विचारलं नाही. खरं का, असंही नाही. कोणी सांगितलं, एवढंच.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"लहानपणापासून. आजीनं सांगितलं होतं. आजा कुठल्या वस्तीतला, त्याचे लोक काय काम करायचे, सगळं."

"मग कडुनिंबाखाली रडलास ते काय नाटक होतं?"

"नाही गं. ते खरं होतं."

"अरे पण मग मला का नाही सांगितलंस? मी दोन वर्षं देवाला दोष देत बसले! रात्रपाळीला एक्स-रेच्या खोलीवरून जायला नको म्हणून मी वॉर्ड बदलून घेतला!"

त्यानं हंड्याखालचं लाकूड पायानं आत सारलं.

"तुझ्या बाबांनी आधी मला बोलावलं होतं," तो म्हणाला. "तुला सांगायच्या आदल्या दिवशी. शाळेच्या व्हरांड्यात. गोड बोलले, चहा पाजला. म्हणाले, अमोस, हे लग्न होणार नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक चारचौघांत बोलण्यासारखं आहे, एक नाही. सुवार्ताला कुठलं सांगू, ते तूच ठरव."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

"आणि तू ठरवलंस."

"भाऊ म्हणवून घेणं मला परवडलं, सुवार्ते. ते दुसरं जे म्हणाले असते, ते तुझ्या समोर ऐकून घेणं नव्हतं परवडत."

"मी ऐकून घेतलं असतं होय रे? ती आरामखुर्ची अंगणात फेकून तुझ्याबरोबर निघून आले असते मी!"

"माहीत आहे," अमोस म्हणाला. "आणि मग जन्मभर सगळे म्हणाले असते, बघा, हिनं ह्याच्यासाठी काय काय सोडलं. तूही कधीतरी भांडणात म्हणाली असतीस. मला तसं नको होतं."

"मला विचारायचंस तरी! एकदा! दोघं पुरुष व्हरांड्यात चहा पीत बसलात आणि माझ्या आयुष्याचं ठरवून मोकळे झालात. बाबांचं एक वेळ ठीक आहे, त्यांच्या डोक्यात शेणच भरलंय. पण तू? मी तुला सगळ्या जगापेक्षा आपला मानत होते रे!"

हळद सुकून त्याच्या गालावर तडकली होती. दोन वर्षं मी ह्या माणसाची बाजू घेऊन मनातल्या मनात बाबांशी भांडत आले होते, आणि हा त्यांच्याच बाजूला बसलेला निघाला. इतका राग मला उभ्या जन्मात दुसऱ्या कोणाचा आला नाही, बाबांचासुद्धा नाही.

"मी आत्ता मांडवात जाऊन सांगते सगळ्यांना," मी म्हटलं. "मी करवली नाही आणि ह्याची बहीणही नाही."

"सांग," तो म्हणाला. "मुलीच्या वडिलांना भावकीचीच गोष्ट ठाऊक आहे. तू बहीण नाहीस म्हटलंस, की ते विचारतील, मग कोण? पुढचं पण तूच सांग. मी अडवणार नाही."

हात जोडून विनवलं असतं तर मी गेले असते, देवाशपथ सांगते. पण तो नुसता उभा राहिला. आणि तिथंच, त्या हंड्याच्या धुरात डोळे चोळत, माझ्या ध्यानात आलं की मी तोंड उघडलं तर बाबांचं काहीच जाणार नव्हतं. ते तिकडं घरी चहा पीत असतील. इथं भर मांडवात आज्याची वस्ती निघाली असती ती अमोसची. जे बाबांनी व्हरांड्यात म्हणायचं टाळलं, ते माझ्या तोंडून चारशे माणसांत बोललं गेलं असतं.

बाहेरून काकूनं हाक मारली, "करवली कुठाय? अगं, उशीर होतोय!"

मी तोंडावर पाणी मारलं आणि गेले.

हळदीची वाटी, तेल, हिरवा चुडा, सगळं ताटात मांडून काकूनं माझ्या हातात दिलं. देताना तिची नजर माझ्या नजरेला भिडली. तिलाही सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे नगरपासून जालन्यापर्यंत ज्याला त्याला माहीत होतं, नव्हतं ते फक्त मला. वाजंत्री पुढे, बायका मागे, मध्ये ताट घेऊन मी, आणि माझ्या शेजारी कॅमेरा सावरत मिससाहेब.

नवरीचं बिऱ्हाड चर्चच्या सभागृहात होतं. मुलगी लहानखुरी होती, नाव तिचं मार्था. तिच्या हातांना मी अमोसची हळद लावली. नर्सला मन बाजूला ठेवून हात चालवता येतो. इंजेक्शन देताना आम्ही तेच करतो. तिनं वर बघून मला विचारलं, "वन्सं, ताई म्हणू का तुम्हाला?" मी हो म्हटलं. तिची काय चूक होती?

तिच्या शेजारी बसलेल्या मावशीनं चष्म्यातून मला न्याहाळलं.

"तू मुलाची कोण गं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"बहीण," मी म्हटलं.

"सख्खी?"

"भावकीतली. पण सख्खीच समजा."

मिससाहेबांनी माझ्या कोपराला हात लावला. "काय विचारलं त्यांनी?"

"मी कोण, म्हणून. मी म्हटलं, बहीण."

त्या गोंधळल्या. "पण काल तर तुमच्या वडिलांनीच..."

"हो," मी म्हटलं. "पण इथं तसंच म्हणायचं असतं."

मिससाहेबांना लग्नासाठी काकूनं ठेवून घेतलं. मी त्याच संध्याकाळी बसनं परत निघाले. बाबा फाटकापाशीच उभे होते, जणू सकाळपासून हलले नव्हते.

"बोललीस का तिथं काही?"

"बोलले. बहीण म्हणाले मी त्याची. हळद घेऊन गेले नवरीकडे."

त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मला तो ऐकू आला. "शहाणी माझी पोर," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले.

मी डोकं बाजूला घेतलं.

"शाळेच्या व्हरांड्यात अमोसला काय विचारलंत, ते कळलंय मला," मी म्हटलं. "मला का नाही विचारलंत?"

त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो धोतराला पुसला आणि म्हणाले, "तू हो म्हणाली असतीस."

ते त्यानंतर बारा वर्षं जगले. मी लग्न केलं नाही, कोणी जबरदस्ती केली नाही. पगारातला वाटा दर महिन्याला घरी पाठवला, घराला चुना दिला, नाताळाला करंज्या केल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं आणि त्या वॉर्डची नर्स मीच होते. अंग पुसायचं, कूस बदलायची, सगळं केलं. बाकीच्या पेशंटांना हाक मारायची तशीच त्यांना मारायची, "मास्तर, गोळी घ्या." ते माझ्याकडे बघत राहायचे, आणि मग गोळी घ्यायचे.